वरच्या कोपऱ्यातला बारीक टाइप

मृग तोंडावर आला की वर्तमानपत्रांत बियाण्यांची पाने येतात. या आठवड्यातही एक पान आले. हसरा शेतकरी, फुटलेली बोंडे, एकरी उताऱ्याचा आकडा आणि वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या टाइपात ‘जाहिरात’. आमच्या शेजाऱ्यांनी ते बातमी म्हणून वाचले आणि मला दाखवायला आणले. माझा संताप त्याचा आहे.

याआधी मी बीटी वांग्यावर, म्हणजे अळीला रोखणारे जनुक घातलेल्या वांग्यावर, लिहिले तेव्हा काही वाचकांनी कळवले की, जनुकीय बियाण्यांच्या नैतिकतेची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. वांग्याची झाली. २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचे ऐकून घेतले. कापसाच्या वाट्याला काय आले?

भांबराजा. यवतमाळ जिल्ह्यातले हे गाव मी इथे पुन्हा पुन्हा आणतो, आणत राहणार. २००८ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाच्या नागपूर आवृत्तीत पानभर वृत्तान्त आला : बीटी कापसाने गाव पालटले, इथे आत्महत्या नाहीत. दौरा बियाणे कंपनीने घडवला होता, हे सांगायला तळाशी बारीक टाइपातली एक ओळ पुरली. ऑगस्ट २०११ मध्ये, जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयक संसदेत मांडायचे राहून गेले असताना, तोच मजकूर पुन्हा छापला गेला. या वेळी जाहिरात म्हणून. मार्च २०१२ मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीचे खासदार भांबराजात गेले, तेव्हा गावकऱ्यांनी सांगितले, आमच्याकडे १४ आत्महत्या झाल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळे ‘द हिंदू’त मांडले म्हणून आपल्याला कळले.

जो मजकूर पैसे देऊन जसाच्या तसा छापता येतो, तो आधी बातमी कसा होता? बीटी तारक की मारक, हा वाद खुशाल चालू द्या. पण अळीने बीटीला दाद दिली नाही तर नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न त्या पानावर कधीच नव्हता. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला बीटी कापूस पोखरला, तेव्हा ते शेतकऱ्याने सोसले.

वर्तमानपत्रांनी बांधावर जाणारा कृषी वार्ताहर टिकवला असता, तर ते पान छापलेच गेले नसते, अशी माझी खात्री आहे.

वाचकहो, बियाण्याचे असे पान हाती आले की आधी वरचा कोपरा आणि तळची ओळ वाचा. तिथे काहीच नसेल, तर संपादकांना पत्र लिहा आणि विचारा : गावात कोण गेले होते, कोणाच्या खर्चाने?