यंत्राचा स्वर आणि वादकाची भाकरी

नवे यंत्र कारखान्यात येवो की कलेच्या क्षेत्रात, त्याच्याविरुद्ध दोन तक्रारी एकाच वेळी उठतात. एक रुचीची, दुसरी पोटाची. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे रुचीच्या तक्रारीवर भरपूर शाई खर्च होते आणि पोटाची तक्रार अनुत्तरित राहते. ब्रिटिश गायक गॅरी न्यूमन याच्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ या ध्वनिमुद्रिकेचे १९७९ मध्ये जे स्वागत झाले, ते या गल्लतीचे बोलके उदाहरण आहे.

न्यूमन हा लंडनच्या कष्टकरी कुटुंबातला तरुण. त्याचे वडील हीथ्रो विमानतळावर बस चालवीत. १९७८ साली तो आपल्या ‘ट्यूबवे आर्मी’ या वाद्यवृंदासह केंब्रिजच्या एका स्टुडिओत गिटारवरची पंक गाणी ध्वनिमुद्रित करावयास गेला. तेथे भाड्याने आणलेला एक सिंथेसायझर परत नेला जाण्याची वाट पाहत पडून होता, आणि त्याच्या एका स्वराने आपली दिशा पालटली, असे त्याने पुढे सांगितले आहे. ज्या यंत्राचा दूत म्हणून तो गाजला, ते पहिले यंत्र त्याच्या मालकीचे नव्हते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वाद्यवृंदाचे नाव बाजूला ठेवून स्वतःच्या नावावर त्याने काढलेली पहिली ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९७९ मध्ये आली. तिच्यात गिटार औषधालाही नव्हती. ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यातील ‘कार्स’ हे गाणेही तेथे अग्रस्थानी पोहोचले आणि पुढील वर्षी अमेरिकेत पहिल्या दहांत आले. लोकांनी असे स्वागत केले असताना संगीतविषयक साप्ताहिकांतील अनेक समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. हे संगीत थंड आहे, हा गायक म्हणजे यंत्रमानव आहे, डेव्हिड बोवी आणि जर्मनीचा ‘क्राफ्टवेर्क’ यांची ही उसनवारी आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

उसनवारीच्या आरोपात काही तथ्य होते. थंडपणाचा आरोप मात्र गाणी नीट न ऐकता केलेला होता. ‘मेटल’मध्ये माणूस होऊ पाहणाऱ्या यंत्राची तळमळ आहे. ‘एम. ई.’मध्ये पृथ्वीवर उरलेले अखेरचे यंत्र आपली शक्ती ओसरत असताना एकाकीपणे बोलते. ‘कार्स’चा उगम तर एका भीतीत आहे. लंडनच्या रस्त्यावर काही माणसे अंगावर आली तेव्हा न्यूमनने मोटारीची दारे आतून लावून घेतली आणि कसाबसा तो निसटला. जेथे माणसाला माणसाचे भय वाटते आणि पत्र्याच्या पेटीत सुरक्षित वाटते, त्या समाजाचे हे चित्र होय. त्याला यंत्राची पूजा म्हणणे म्हणजे रोगाचे वर्णन करणाऱ्यालाच रोगी ठरविणे होय. शिवाय या मुद्रिकेत सेड्रिक शार्पलीचे ड्रम आणि पॉल गार्डिनरचा बास हातांनीच वाजविलेले आहेत. क्रिस पेनने सिंथेसायझरबरोबर व्हायोलाही वाजविला आहे. यंत्राने येथे वादकाला हद्दपार केलेले नव्हते.

परंतु पोटाची तक्रार खोटी होती असा याचा अर्थ नव्हे. १९८२ मध्ये ब्रिटनमधील वादकांच्या कामगार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम-यंत्रांवर बंदीची मागणी करणारा ठराव संमत केला. संघटनेने ते आपले राष्ट्रीय धोरण केले नाही. ठरावाची चेष्टा पुष्कळ झाली. तथापि एकाच कळफलकातून तंतुवाद्यांचा ताफा उभा राहू लागला म्हणजे त्या ताफ्यातील माणसांनी कोठे जावे, हा प्रश्न चेष्टेने सुटत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही तो पुढे उभा राहिला. गोव्याहून आलेल्या व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवादकांच्या श्रमावर जे मोठे वाद्यवृंद उभे होते, ते १९८० नंतर क्रमाने आटत गेले.

यंत्र श्रम वाचविते, हा त्याचा गुण आहे. वाचलेल्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न आहे. वादकाला बहुधा त्या दिवसाचे मानधन मिळते आणि त्याचा हिशेब तेथेच मिटतो. ध्वनिमुद्रिका मात्र कमावतच राहते. ‘एम. ई.’मधील सुरावट २००१ मध्ये ‘बेसमेंट जॅक्स’च्या गाण्यात नव्याने वाजली. एकदा घातलेले श्रम दशकानुदशके फळ देतात ते असे. ते फळ वाटून घेण्याची व्यवस्था झाली असती, तर लंडनच्या वादकांना बंदी मागण्याची वेळ आली नसती.

ज्या मुद्रिकेला निर्जीव म्हटले गेले, तिची गाणी पुढच्या पिढीच्या वादकांनी आपलीशी केली आणि २०१७ मध्ये न्यूमनला आयव्हर नॉव्हेलो सन्मान मिळाला. रुचीचा वाद काळाने मिटविला. पोटाचा वाद काळ मिटवीत नसतो. तो संघटनेला, कायद्याला आणि करारालाच मिटवावा लागतो. आज संगणक स्वतःच चाली रचू लागला असताना पुन्हा यंत्राला आत्मा आहे की नाही, याचीच चर्चा रंगत आहे. ती खुशाल रंगू द्यावी. पण ज्यांच्या सुरांवर हे यंत्र शिकले, त्या वादकांचा वाटा किती, हे आधी ठरवावे.