शर्टातला सेल

फ्रायडेला कॉटनचा शर्ट घालताय? मग अंगावर कोट्यवधी सेल्स मिरवताय, बॉस! आमच्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. लांबी अडीच-तीन सेंटिमीटर! आपल्या बहुतेक पेशी मायक्रोस्कोपशिवाय दिसतही नाहीत.

हिचा कारभार अगदी ऑफिससारखा. केंद्रक म्हणजे हेड ऑफिस, सूचना तिथून सुटतात. मायटोकॉन्ड्रिया पॉवर सप्लाय. मधली रिक्तिका पाण्यानं फुगते आणि त्या दाबानं पेशी लांबत जाते, फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे. मग पेशीभित्तीला आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटलं की पेशी मरते, सुकते, पिळवटते. उरते फक्त भिंत. तीच आपण इस्त्री करून घालतो!

गोची पुढे आहे. अकोला-अमरावतीकडची बहुतेक पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर. पाण्यानं ऐनवेळी दगा दिला, की तंतू आखूड, भिंत पातळ आणि बाजारात भाव कमी. २००२मध्ये बीटी वाणाला परवानगी मिळाली, बोंडअळीशी लढणारं जीन थेट केंद्रकात बसलं. पण रिक्तिकेत पाणी कुठलं जीन भरणार?

पुढच्या सेलमध्ये ‘कॉटन एवढं महाग?’ म्हणताना एवढं आठवा, बस्स.