खंड्याची शाळा

आमच्या थोरल्या बंधूंचे बिऱ्हाड ढोकीला. त्यांच्या दारी खंड्या नावाचा कारवानी कुत्रा आहे. पाय काटकुळे, पोट पाठीला लागलेले. पण वाऱ्याशी शर्यत लावील! गेल्या लक्ष्मीपूजनाला शेजाऱ्यांनी फटाक्यांची माळ लावली आणि हा शूर शिकारी साखळी तोडून जो पळाला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांच्या कडेला लंगडत सापडला.

दादा शिस्तीचे मोठे भोक्ते. त्यांनी काठी उगारून ‘बस!’ अशी गर्जना केली. खंड्या बसला खरा. पण शेपूट पोटाशी आणि अंगाला कापरे.

“पाहा, झाला की नाही शांत?”

“अहो, शांत कुठला? भ्यालाय तो!” वहिनी म्हणाल्या आणि शाळा त्यांनी आपल्याकडे घेतली.

कारवानी कुत्रा नजरेने शिकार करणारा. त्याचे लक्ष सदा लांब. म्हणून पहिला धडा असा, की नाव एकदाच घ्यायचे आणि त्याने आपल्याकडे पाहिले की लगेच भाकरीचा तुकडा द्यायचा. हे जमल्यावर स्वारी रोज संध्याकाळी स्टेशनच्या वाटेला. गाडीची शिटी अगदी लांबून ऐकू येईल अशा जागी पोते अंथरायचे; शिटी झाली की तुकडा. चार दिवस बरे गेले, की दहा पावले पुढे. तुकडा तोंडात घेईना, तर आपण फार जवळ आलो असे समजून मुकाट्याने मागे फिरायचे. ओढायचे नाही, रागवायचे नाही.

१९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या कुत्र्याने स्फोटकांचे मोठे साठे हुडकून दिले. गर्दीगोंगाटात असे काम करणारा कुत्रा काठीच्या धाकाने तयार होत नाही. त्याला शोध हा खेळ वाटावा लागतो आणि शिकवणाऱ्यावर त्याचा भरवसा असावा लागतो.

आता गाडी गेली तरी खंड्या पोत्यावरून उठत नाही. नुसते वहिनींकडे पाहतो. तरी यंदा लक्ष्मीपूजनाला त्याची परीक्षा घ्यायची नाही, असे ठरले आहे. खिडक्या लावून, माजघरात तेच पोते अंथरून वहिनी त्याच्याजवळ बसणार आहेत. शेजाऱ्यांकडे विनंती घेऊन दादा स्वतः गेले. काठी घरी ठेवून!

परवा वर्गात गोंगाट झाला, तेव्हा मी सवयीने टेबलावर डस्टर आपटले. सारे चिडीचूप. मागल्या बाकावरच्या एका मुलाकडे सहज पाहिले आणि मला खंड्याचे ते पोटाशी गेलेले शेपूट आठवले. मी डस्टर हळूच खाली ठेवले.