बोट मिळाली, पेट्रोलला हेड नाही

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे तिथे पाहिलं ते कृष्णाकाठच्या आणखी कितीतरी गावांत दिसेल. ग्रामपंचायतीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये फायबरची एक बोट उपडी घातली होती. तिच्या बुडाला वीतभर तडा गेलेला. इंजिन गोणपाटात गुंडाळून खांबाला बांधलेलं. लाइफ जॅकेटं आतल्या खोलीत कुलूपबंद, किल्ली ग्रामसेवकांकडे, आणि ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार. किल्ली यायला दीड तास लागला. खोली उघडली तेव्हा चौदा जॅकेटांपैकी पाचांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले होते. उरलेल्यांपैकी कुठलं माणसाचं वजन पेलेल आणि कुठलं नाही, हे कुणालाच सांगता येईना, कारण ती पाण्यात घालून कुणी पाहिलीच नव्हती.

२०१९च्या महापुरानंतर ही बोट सरकारी निधीतून आली. नारळ फुटला, हार घातला, फोटो छापून आला. त्यानंतर ती एकदाच, २०२१च्या पुरात, पाण्यात उतरली. सरपंच मला म्हणाले, “बोट मिळाली, पण पेट्रोलला हेड नाही.” हेड म्हणजे लेखाशीर्ष. ज्या खर्चाला लेखाशीर्ष नाही तो खर्च करणारा सरपंच पुढे ऑडिटमध्ये अडकतो. म्हणून इंजिनात टाकायला पेट्रोल नाही, तडा बुजवायला पैसे नाहीत आणि वर्षातून एकदा बोट नदीत घालून तालीम करावी तर त्या दिवसाची मजुरी बुडणाऱ्या पोरांना द्यायलाही काही नाही.

गावाच्या हातात येणाऱ्या पैशाबद्दल या सदरात मी नेहमी लिहितो. आज आपत्तीच्या तयारीसाठी येणाऱ्या पैशाबद्दल लिहितोय, कारण पावसाळा तोंडावर आला आहे आणि हा पैसा चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी अडतो अशी माझी खात्री झाली आहे.

पैसा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांच्या आपत्ती निधीला मिळून १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपये ठरवले. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातले पंचाहत्तर टक्के केंद्राचे, पंचवीस टक्के राज्याचे. या आयोगाने एक फार चांगली गोष्ट केली. तोवर हा निधी म्हणजे जवळजवळ केवळ मदतवाटप होतं. आयोगाने त्याचे कप्पे पाडले. शंभरातले चाळीस रुपये बचाव आणि तातडीच्या मदतीला, तीस पुनर्बांधणीला, वीस धोका आधीच कमी करण्याला आणि दहा पूर्वतयारीला. दहा टक्के म्हणजे देशभरात पाच वर्षांचे सुमारे सोळा हजार कोटी. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात धोका कमी करण्यासाठी वेगळा निधी सांगितला होता. राष्ट्रीय पातळीवर तो उभा राहायला २०२१ साल उजाडलं. उशीर झाला, पण दिशा बरोबर होती.

अडतं ते पुढे. पूर्वतयारीचे हे दहा टक्के राज्याच्या तिजोरीत येतात, तिथून प्राधिकरणं, प्रशिक्षण संस्था, जिल्हा कार्यालयं यांच्याकडे जातात. गावाच्या नावाने त्यातला वाटा ठरलेला नाही. दुसरीकडे त्याच वित्त आयोगाचा जो पैसा २०२५-२६ पर्यंत थेट ग्रामपंचायतीला मिळत होता, त्यातला साठ टक्के आधीच बांधलेला होता, तीस टक्के स्वच्छतेला आणि तीस टक्के पिण्याच्या पाण्याला. राहिलेल्या चाळीस टक्क्यांवर रस्ता, गटार, दिवे, समाजमंदिर असे सगळे डोळे लावून बसलेले. त्या रांगेत बोटीच्या इंजिनाचा नंबर लागतो कधी? आणि तरीही कायदा बघा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४१ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे ग्रामपंचायतीवरसुद्धा, जबाबदारी टाकली आहे की आपली माणसं प्रशिक्षित असली पाहिजेत आणि साधनं कोणत्याही क्षणी वापरता येतील अशी ठेवली पाहिजेत. जबाबदारी गावापर्यंत पोचली आणि पैसा जिल्ह्याच्या ठिकाणी थांबला.

याची किंमत आपण मोजली आहे. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. चहूबाजूंनी पाणी चढलेलं, बाहेरची मदत पोचलेली नाही, आणि गावचीच बोट माणसं काढत होती. एका फेरीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली आणि बोट उलटली. डझनाहून अधिक जीव गेले, त्यात बाया होत्या, लेकरं होती. बोट चालवणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. मला तो देता येत नाही. पाण्यात उभी असलेली आपलीच माणसं हात वर करून बोलावत असताना “आता पुरे, पुढच्या फेरीला या” असं म्हणायला काळीज लागतं आणि त्याहून जास्त सराव लागतो. किती माणसं बसवायची, कुणी कुठे बसायचं, जॅकेटाशिवाय कुणालाही पाय ठेवू द्यायचा नाही, हे नियम त्या क्षणी सुचत नाहीत. ते आधी दहा वेळा करून अंगात मुरलेले असावे लागतात. त्या दहा वेळांचा खर्च कोणत्याही लेखाशीर्षात बसत नाही.

मदत बाहेरून येईलच की, असं शहरातले मित्र मला म्हणतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांबद्दल मला अपार आदर आहे. त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. राज्याच्या स्वतःच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. आता २०१९चा ऑगस्ट आठवा. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. रस्त्याने यायचं तर यायचं कसं? नौदलाची पथकं हवाईमार्गे आणावी लागली. २०२१च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी रातोरात बाजारपेठेत शिरलं तेव्हाही तेच. पहिली रात्र, पहिला दिवस गावाचाच असतो, दल कितीही चांगलं असलं तरी.

आणि गाव तो दिवस काढतंच. पुरात अडकलेल्या गुऱ्हाळवाल्यांची काहिल तुम्ही पाहिली आहे का? उसाचा रस आटवायची ती भलीमोठी, पसरट, गोल कढई. कोल्हापूर-सांगलीकडे पाणी वाढलं की ती चुलवणावरून उतरते आणि नाव होते. आत म्हातारी माणसं, पोरं आणि कधी एखादं करडू, काठाला धरून दोघं पट्टीचे पोहणारे ढकलत नेणार. तिला ना सुकाणू ना वल्हं, प्रवाहात सापडली की जाग्यावर गरगर फिरते. तरी तिने माणसं वाचवली आहेत. काठावरच्या आंबी नावाड्यांना नदीचा प्रत्येक भोवरा ठाऊक. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचं पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे तिथलं शाळकरी पोरही सांगतं. एवढं शहाणपण जागेवर असताना ते वापरायला आपण एक रुपया बाजूला ठेवत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

डोंगराकडे वळलं तरी हीच कथा. ३० जुलै २०१४ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही हे जगाला पहिल्यांदा कळलं ते सकाळची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकामुळे. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. वर जायला गाडीरस्ता नव्हता. अंधारात, धो धो पावसात जे पहिल्यांदा चढून गेले त्यांत खोपोली परिसरातले गिर्यारोहक होते, यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची मुलं. ती तिथे होती म्हणून. त्यांचे दोर, त्यांचे हेडलँप त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेले असतात. बचावाला गेलेल्या एका अग्निशमन जवानाचा त्या चढणीवर हृदयविकाराने मृत्यू झाला. चढ किती अवघड होता, हे त्यावरून कळावं.

सरकारला हे अजिबात कळत नाही असं नाही. ‘आपदा मित्र’ योजना २०१६ साली देशातल्या तीस पूरप्रवण जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवकांपासून सुरू झाली, पुढे साडेतीनशे जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढली. बारा दिवसांचं प्रशिक्षण, साधनांची पिशवी, ठरावीक मुदतीचा विमा. मी तीन-चार आपदा मित्रांशी बोललो. प्रशिक्षण चांगलं झालं, असं सगळे मनापासून म्हणाले. पुढचा प्रश्न विचारला की गप्प. बारा दिवस झाले, त्याला काही वर्षं लोटली, उजळणी झाली नाही. एक जण पुण्याला नोकरीला गेला, त्याची पिशवी घरी माळ्यावर आहे. दुसऱ्याला त्याच्या विम्याची मुदत संपली की नाही, हेच माहीत नव्हतं. माणूस एकदा शिकवून सोडून दिला तर तो त्या शेडमधल्या इंजिनासारखाच गंजतो.

गावाच्या सुरक्षेची दुसरी बाजूही याच धाग्यात येते. पुणे, नगर, नाशिककडच्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एकाने ठरलेल्या नंबरावर फोन करायचा आणि त्याचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकाच वेळी वाजायचा. चोर, बिबट्या, आग, पाणी, सगळ्याला चालते. पण नंबर बदलले, माणसं बदलली की यादी कुणीतरी नव्याने भरायला हवी. पुन्हा तेच, देखभाल.

ओडिशाचं उदाहरण मी मुद्दाम देतो. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या घरात माणसं मेली. २०१९ला फानी आलं तेव्हा बारा लाखांना आधीच हलवलं आणि मृत्यू ६४ वर थांबले. चक्रीवादळ निवारे बांधले हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी निवारे सांभाळायला गावाच्या समित्या केल्या, त्यांना ठेव रक्कम दिली आणि तिच्या उत्पन्नातून रंग, कुलूप, जनरेटर, दुरुस्ती होत राहील अशी सोय केली, ते. एरवी त्यातल्या कितीतरी इमारतींत शाळा भरते, म्हणून त्या रोज उघडल्या जातात. रोज उघडणाऱ्या दाराची किल्ली हरवत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पूर आणि दरडीच्या धोक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला पूर्वतयारीच्या निधीतून दरवर्षी ठरावीक छोटी रक्कम थेट मिळावी आणि तिच्यावर एकच अट असावी की यातून नवी वस्तू घ्यायची नाही. पेट्रोल, दुरुस्ती, दोर बदलणं, वर्षाला दोन तालमी, तालमीला येणाऱ्यांची मजुरी आणि गावच्या पोहणाऱ्यांचा, नावाड्यांचा विमा, एवढ्यालाच. खरेदीची हौस सगळीकडे आहे, तिला निविदा आहेत, उद्घाटनं आहेत. जपणुकीला कुणी वाली नाही, म्हणून तिच्यासाठी पैसा वेगळा बांधून ठेवावा लागेल. आणि खरेदी करायचीच तर गावाला विचारून करावी. त्या गावातल्या नावाड्याचं म्हणणं होतं की दिलेली बोट धरणाच्या संथ पाण्याला ठीक आहे, उसाच्या फडातून आणि विजेच्या तारांखालून काढायला तिचा उपयोग नाही. ती ठरवताना त्याला कुणी विचारलं नव्हतं.

गावाला पैसा दिला तर तो खाल्ला जाईल, अशी शंका मला तालुक्याच्या एका कार्यालयात ऐकवण्यात आली. शंका मी झटकून टाकत नाही. पण तालमीचा खर्च तपासणं रस्त्याच्या खर्चापेक्षा कितीतरी सोपं आहे. बोट पाण्यात उतरली की नाही, हे सगळा घाट बघत असतो. १ मेच्या ग्रामसभेत साधनांची खोली सगळ्यांसमोर उघडावी, जॅकेटं मोजावीत, इंजिन सुरू करून दाखवावं आणि तेच उपयोगिता प्रमाणपत्र समजावं. पुरात घर पूर्ण पडलं तर सरकारी निकषांप्रमाणे सपाटीवर १ लाख २० हजार मिळतात, माणूस गेला तर वारसांना ४ लाख. ती रक्कम द्यायला आपल्याकडे हेड आहे, आणि असायलाच हवं. ब्रह्मनाळच्या बोटीत बसलेल्यांच्या अंगावर जॅकेट घालायलाही ते असायला हवं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्या गावात परत गेलो. पोरांनी आपसांत वर्गणी काढून जयसिंगपूरहून माणूस आणला होता. त्याने कार्बोरेटर सोडवून साफ केला, बुडाच्या तड्यावर फायबरचा पट्टा चढवला. संध्याकाळी आठ जणांनी बोट खांद्यावर घेऊन घाट उतरला. दोरी ओढली, इंजिन खोकलं, बंद पडलं. पाच-सहा वेळा तसंच. मग एकदा धूर सोडून लागलं. घाटावर बायका, म्हातारी माणसं जमली होती. बोटीने पैलतीराकडे जाऊन दोन वळणं घेतली आणि अंधार पडायच्या आत परत आली. जॅकेटं नऊच असल्याने बोटीत नऊच जण बसले होते. दहावा पोरगा चढायला लागला तेव्हा त्याला त्यांनी खाली उतरवलं.

दुरुस्तीची पावती पोरांनी सरपंचांकडे दिली आहे. ती ग्रामपंचायतीच्या फायलीत आहे, अजून मंजूर झालेली नाही.