कासवाला सुट्टी नसते

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधीच पदरात घ्या. पण एक गोष्ट स्पष्ट मराठीतच सांगायची आहे. हॉस्टेलच्या रूमवर कासव पाळू नका.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सेकंड इयरला आम्ही तिघींनी वर्गणी काढून एक आणलं होतं. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, "काही करावं लागत नाही, दोन दाणे टाका, बस!" वर प्लॅस्टिकचं नारळाचं झाड फ्री. नाव ठेवलं 'टॉपर', कारण आमच्या रूममध्ये तेवढीच एक जागा रिकामी होती.

पावसाळ्यात टब खिडकीत ठेवला. काचेतून उजेड येतो ना, मग झालं! पण काच उन्हातले यूव्ही-बी किरण अडवते. ते नसले की अंगात डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम लागू पडत नाही आणि पाठ मऊ पडते. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

डिसेंबरात नागपूरची थंडी पडली आणि टॉपरने खाणं सोडलं. अमेरिकेतली बॉक्स टर्टल ही कासवं हिवाळाभर पालापाचोळ्याखाली, मातीत झोपून राहतात, असं वाचलेलं होतं. म्हटलं, आमचाही झोपला! सबमिशन्स, ओरल्स, पीएल... नीट बघायला वेळ कुणाला होता? पण बॉक्स टर्टलसुद्धा निरोगी असेल, पोट रिकामं असेल आणि गारवा एकसारखा असेल, तरच त्या झोपेतून सुखरूप उठतं. आमची रूम दुपारी कोमट, रात्री गार. म्हणजे झोपण्याइतकी थंडी नाही आणि खाल्लेलं पचण्याइतकी ऊबही नाही. जानेवारीत त्याचे डोळे सुजून बंद झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं होतं का?" 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता, त्यात फुप्फुसाचं इन्फेक्शन. चार दिवसांनी टॉपर गेला.

आता कुणी म्हणेल, हा तुमचा हलगर्जीपणा, नीट सांभाळलं तर जगतं. कबूल! पण 'नीट' म्हणजे काय ते ऐका. पाणी बारा महिने 25 ते 28 अंश, म्हणजे थर्मोस्टॅटवाला हीटर आला (आपल्या साध्या कॉइलसुद्धा रेक्टर मॅडम जप्त करतात!). चढून बसायला कोरडी जागा, वर उबेचा दिवा आणि यूव्ही-बीची ट्यूब. पाण्याला फिल्टर, खाण्यात पालेभाजी. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो आणि आपण सगळ्या घरी असतो, तेव्हा पाणी कोण बदलणार? शिवाय मादी वाढून जवळजवळ फूटभर होते आणि ही कासवं वीस-तीस वर्षं जगतात. आपली डिग्री चार वर्षांची. त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपण टबाशेजारीच मॅगी खातो!

"मग तलावात सोडून देऊ" हा सगळ्यात वाईट उपाय. हे कासव मूळचं मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, आणि जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. इथल्या तलावात ते आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. आणि कुणी आपल्याकडचं स्टार कासव 'लकी' म्हणून आणत असेल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो सरळ गुन्हा आहे.

देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण नमस्कार करतो. त्याला ना ऊन लागतं, ना औषध. जिवंत कासवाला दोन्ही लागतं, आणि आपल्या परीक्षा संपेपर्यंत थांबणं त्याला जमत नाही.

आमच्या विंगमध्ये यंदा पुन्हा दोन टब आले आहेत. त्या मुलींनी रागावू नये, माझ्या रूमवर यावं. डॉक्टरांचा नंबर माझ्या कपाटाच्या दारावर अजून चिकटवलेला आहे. डोळे सुजेपर्यंत थांबू नका.