शंभर दिवे लावले तरी इलेक्ट्रॉन का सुटत नाही?

मावळातली मराठी शाळेतली मुले अकरावी सायन्सला गेली की पुस्तक एकदम इंग्रजी होते. बारावीत मग ‘वर्क फंक्शन’ पाठ होते, कळत नाही. लोणावळ्याच्या धुक्यातला पिवळा सोडियम दिवा घ्या. तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. १२४० ला ५८९ ने भागा. एका फोटॉनची ऊर्जा आली सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जस्तातून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात सुमारे ४.३. दिवे शंभर लावा, फोटॉन वाढतील. प्रत्येकाची ऊर्जा तेवढीच. साधारण २८८ नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश मात्र मंद असला तरी चालतो. आइन्स्टाइनचे हे १९०५ चे स्पष्टीकरण. १९२१ चे नोबेल सापेक्षतेला नव्हे, प्रामुख्याने याला. पेपरात धातू बदलतो, आकडे बदलतात, भागाकार हाच. तो वर्गात आधी मराठीत सांगायला हरकत कसली?