जनुकांची घातक युती

गर्भाशयाचे सार्कोमा विरळ असले, तरी त्यांतील काही अत्यंत आक्रमक ठरतात. त्यांपैकी अनेकांचे मूळ दोन जनुकांच्या विपरीत जोडणीत असते. गुणसूत्रे तुटून चुकीच्या जागी सांधली गेली, की एक संकरित जनुक तयार होते व त्यातून निर्माण होणारे प्रथिन पेशींची अनिर्बंध वाढ घडवते.

१० व १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांतील अशा अदलाबदलीतून होणारी 'वायडब्ल्यूएचएई' जनुकाची जोडणी २०१२ मध्ये उघड झाली. त्यानंतर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयाच्या अंतःस्तराखालील पेशींच्या उग्र सार्कोमाला वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले.

प्रश्न केवळ नावाचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या भासणाऱ्या गाठींमागे वेगवेगळी जनुके असू शकतात. 'एनटीआरके' जनुकाची जोडणी असलेल्या गाठींसाठी लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला, अवयव कोणताही असो, अमेरिकेने २०१८ मध्ये मान्यता दिली. गर्भाशयाच्या सार्कोमाचे असे रुग्ण मोजकेच आहेत. 'वायडब्ल्यूएचएई'च्या जोडणीवर मात्र असे नेमके मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. तरीही जनुकीय चाचणीच झाली नाही, तर उपलब्ध औषधही योग्य रुग्णापर्यंत पोहोचणार नाही. त्यामुळे संशोधनाचे यश आता चाचणीच्या उपलब्धतेवर अवलंबून आहे.